पळणीतली चूल

बाबल सावंताने भिरकावलेला पहिला धोंडा व्हाळाच्या पाण्यातच पडला. दुसरा पलीकडच्या काठावर, बांबूच्या बेटात. टिपणीसांचा बंगला तिथून चांगला अर्धा मैल लांब, टेकाडावर. बाबलला ते दिसत होतं. पण एका हातात काठी आणि तोंडात शिवी असली की माणूस अंतर मोजत बसत नाही.

"धूर बग, धूर!" तो ओरडला. "मटण भाजता रांडेचो! देवाच्या पळणीत मटण भाजता!"

व्हाळाच्या अलीकडे तीनशे माणसं उभी होती. मागे माळावर नारळीच्या झापांची खोपटी, खोपट्यांना बांधलेली गुरं, पाय बांधलेल्या कोंबड्या. सगळे टेकाडाकडे बघत होते. धूर निळसर होता आणि वास चांगला येत होता, हे आणखी वाईट. तीनशे माणसं काल सकाळपासून पेजेवर होती.

निवतळची गावपळण चार वर्षांनी एकदा येते. मार्गशीर्षात रवळनाथाचा कौल झाला आणि ढोल वाजला की अख्खं गाव घरं सोडून शिवेबाहेर पडतं. तीन दिवस, तीन रात्री. गावात चूल पेटायची नाही, पाऊल पडायचं नाही. चौथ्या दिवशी देव 'हो' म्हणाला की परत. हे का करायचं, ते कुणी सांगत नाही. 'का' विचारणारा माणूस बाहेरचा, हे ओळखायला सोपं जावं म्हणूनच बहुधा सांगत नसावेत.

मी सहा वर्षं 'का' विचारलं नव्हतं.

मी मूळचा गडहिंग्लजचा. माझ्या बायकोला, सुवर्णाला, निवतळच्या उपकेंद्रात नर्सची नोकरी लागली आणि तिच्या मागोमाग माझी बी. ए.ची पदवी आणि एक जुनं झेरॉक्स मशीन घाट उतरून आलं. सहा वर्षांत आम्ही पाच घरं बदलली. पाचही घरं मुंबई-पुण्याच्या माणसांनी विकत घेतली, रंगवली आणि त्यांना कुलपं लावली. शेवटचं घर सोडलं तेव्हा सामान हातगाडीवर घालून आम्ही आधीच्या चार कुलपांसमोरून गेलो. सुवर्णा प्रत्येक घरापाशी म्हणत होती, "इथं नळाला पाणी चांगलं यायचं," "इथं उंदीर होते." कुलपांना उंदरांचा त्रास नसावा.

सहावं घर बाबलचं. तीन खोल्या, मागे विहीर, दारात रातांब्याचं झाड. हे मात्र आम्ही विकत घेणार होतो. बाबलने तसा शब्द दिला होता. अडचण एवढीच होती की टिपणीसांनाही तेच हवं होतं. त्यांचा टेकाडावर एक बंगला होताच. वर्षातून आठ-दहा दिवस ते तिथे येत, गच्चीवर उभे राहून खोल श्वास घेत आणि ठाण्याला परत जात.

गावातल्या एकशे दहा घरांपैकी सदतीस घरं अकरा महिने बंद राहू लागली, शाळेचे दोन वर्ग मिळून एक झाला, तेव्हा ग्रामसभेला जाग आली. सभा तीन तास चालली. आपला माळ आधीच विकून बसलेल्या एका चुलत्याने ठरावाच्या बाजूने बोलणाऱ्या पुतण्याच्या डोक्यात प्लॅस्टिकची खुर्ची घातली. खुर्ची मोडली, पुतण्याला सात टाके पडले, ते सुवर्णाने घातले. मग ठराव एकमताने मंजूर झाला. ग्रामसेवक तीन गावं सांभाळायचा, फक्त मंगळवारी यायचा. त्यामुळे लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं.

"ज्याची चूल गावात पेटते आणि गावपळणीत जो गावाबरोबर शिवेबाहेर राहतो, त्यालाच गावात घर घेता येईल. पळणीत शिवेच्या आत सापडेल, तो कायमचा बाद."

शेवटचं वाक्य कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं. लिहिताना डोळ्यांसमोर टिपणीस होते.

कायद्यात असल्या ठरावाला कागदाइतकंच वजन, हे मलाही कळत होतं. पण निवतळची जमीन सामायिक. एकेका सातबाऱ्यावर वीस-वीस नावं. त्या विसांनी सही केली नाही, तर कायद्याचा बापही घर विकू शकत नाही.

आणि आता टिपणीस शिवेच्या आत बसून मटण भाजत होते. खरं तर माझ्यासाठी आनंदाची गोष्ट होती. मी तोंड गंभीर ठेवून उभा होतो.

"जावया आणि मोडूया तंगड्यो!" कुणीतरी ओरडलं. पन्नास काठ्या वर झाल्या आणि पन्नास जोडी पाय व्हाळाच्या पाण्याशी येऊन थांबले. व्हाळ ही गावाची शीव, आणि पळणीत शीव ओलांडायची नाही. गावाच्या इतिहासात एवढा राग एवढ्या शिस्तीत कधी उभा राहिला नसेल.

जानू घाडी पुढे आला. गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि कौल घ्यायचा, हे त्याच्या घराण्याचं काम. सत्तरी उलटलेली, अंगात बनियन, कमरेला पंचा.

"आज संध्याकाळसर तो आत ऱ्हवलो, तर देव कौल देवचो नाय," तो म्हणाला. "मगे आणि तीन दिवस हयच. तांदूळ आसत काय कोणाकडे?"

तांदूळ कुणाकडेच नव्हते. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एका खोपट्यात तावड्यांची सून दिवस भरलेली, कालपासून कण्हत होती.

"आमका जावक येणा नाय," बाबल म्हणाला. मग त्याने सावकाश मान वळवली. "पण चौगले जाता."

तीनशे माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"मी?"

"तू घाटी. आमचो देव तुका काय करूचो नाय. तुजो देव घाटार."

"बाबल, मी सहा वर्षं इथं राहतो."

"म्हणान तर सांगतंय. विश्वासाचो माणूस व्हयो." त्याने मला बाजूला घेतलं, खांद्यावर हात टाकला. "तेका भायर काढ. घर तुजा. वीसच्या वीस सह्यो मी आणतंय. रवळनाथाची आण."

मी जानू घाड्याकडे बघितलं. तो माळावरच्या गुरांकडे बघत होता.

सुवर्णा तावड्यांच्या खोपट्यातून हात पुसत बाहेर आली. तिने माझ्या हातातली बाबलची काठी बघितली.

"कुठं?"

"टिपणीसांना बाहेर बोलवायला."

"बोलवायला काठी कशाला?"

"गावाने दिलीय."

"पट्ट्या उपकेंद्रात राहिल्यात," ती म्हणाली. "काय मोडाल ते बघून मोडा."

व्हाळाचं पाणी घोट्याएवढं होतं. मी पलीकडे गेलो. मागे कुणी ओरडलं नाही, कुणी 'जप' म्हणालं नाही.

रिकामं गाव मी पहिल्यांदाच बघत होतो. दोरीवर एक लुगडं राहिलेलं. खळ्यात अर्धी निवडलेली सुपारी. आमच्या घरावरून गेलो. दाराला कुलूप होतं आणि पायरीवर बुटांचे ठसे होते. मोठे, जाळीदार तळव्यांचे. निवतळमध्ये असले बूट कुणी घालत नाही. मी थोडा वेळ ते ठसे बघत राहिलो आणि मग चालायचा वेग वाढला.

गच्चीखालच्या हिरवळीवर लोखंडी शेगडी पेटलेली. टिपणीस अर्ध्या चड्डीत, हातात चिमटा. सोबत ठाण्याचे दोन मित्र, आरामखुर्च्यांत.

"अरे, चौगले! या, या! तुम्ही पण मागे राहिलात? छान. एक प्लेट आणा रे."

"साहेब, गावाबाहेर चला. पळणीत इथं कुणी थांबायचं नसतं."

"माहीत आहे हो. म्हणून तर आलो." त्यांनी एक तुकडा उलटा केला. "एरवी पहाटे कोंबडे, मग तुमचं भजन, मग ती एसटी. काय शांतता आहे बघा! खरं कोकण हे. तुम्ही दर महिन्याला का नाही पळत?"

मित्र हसले. मीही हसलो असतो, पण टेबलावर, काकडीच्या ताटलीशेजारी, एक किल्ली होती. तिला निळा दोरा होता. आमच्या घराची दुसरी किल्ली बाबलकडे असते, आणि तिला निळा दोरा आहे.

"ही कुठली?"

"हां, ती. बाबलनेच दिली. फोन केला होता त्याने. म्हणाला, पळणीत या, निवांत घर बघून घ्या, कुणाची कटकट नाही." त्यांचा आवाज खरोखर प्रेमळ होता. "तुमच्या सामानाला हात नाही लावला हं. फक्त मापं घेतली. तुमचं ते स्वयंपाकघर आहे ना, जनरेटर अगदी बरोबर बसतो बघा तिथे."

तोपर्यंत मी आयुष्यात कुणावर हात उगारला नव्हता. गडहिंग्लजला कुस्त्या बघायला जायचो, तेही मागच्या रांगेत. काठी हातात होती, पण ती आठवलीच नाही. मूठ गेली. टिपणीसांच्या तोंडातून ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि माझ्या दोन बोटांच्या मधे काहीतरी रुतलं. ते शेगडीवर कोसळले, शेगडी हिरवळीवर कोसळली, निखारे त्यांच्या उघड्या पोटऱ्यांवर. ते किंचाळले. एक मित्र खुर्चीसकट मागे पडला. दुसऱ्याने बाटली माझ्या डाव्या कानावर फोडली. त्या कानाने त्यानंतर मला एसटीचा भोंगाही ऐकू येत नाही.

मग मला काठी आठवली. बाटलीवाल्याच्या मनगटावर दोन वेळा. पहिल्यांदा हाड मोडलं असावं. दुसरा तडाखा कशासाठी, ते अजून सांगता येत नाही. तो 'आई' म्हणत गाडीकडे पळाला, पडलेला मित्रही उठून पळाला, आणि गाडी पलीकडच्या डांबरी रस्त्याने निघून गेली. टिपणीसांना न घेता. मैत्रीचं मला फार कळत नाही.

मी आत शिरून काचा फोडल्या. एवढ्या काचा मी एका घरात कधी बघितल्या नव्हत्या. बराच वेळ लागला. बाहेर आलो, तेव्हा टिपणीस गवतात रांगत काहीतरी शोधत होते. दात सापडला. त्यांनी तो शर्टाला पुसला आणि खिशात ठेवला. नीट, बटण लावून. त्याच वेळी मला कळायला हवं होतं की हा माणूस आपली वस्तू सोडून जाणाऱ्यांतला नाही.

"चला," मी म्हणालो. "कुणी बोलावलं ते गावासमोर सांगा."

"चप्पल," ते म्हणाले. निदान मला तसं वाटलं.

मी त्यांना कॉलर धरून अर्धा मैल फरफटत आणलं. ते दोनदा पडले. एकदा मी लाथ घातली. माझ्या कानातलं रक्त गळ्यापर्यंत आलेलं, त्यांचं पोटापर्यंत. किल्ली माझ्या खिशात होती. डोक्यात एकच गोष्ट होती: बाबलचं नाव यांच्या तोंडून वदवून घ्यायचं.

व्हाळापाशी गाव तसंच उभं होतं.

"सांगा!" मी टिपणीसांना पाण्यात ढकललं. "सांगा यांना, कुणी बोलावलं? किल्ली कुणी दिली?"

टिपणीसांनी तोंड उघडलं. आतून रक्ताची गुठळी आली आणि एक आवाज. वरचा ओठ मधोमध फाटून लोंबत होता. साक्षीदाराचं तोंड मी आधीच फोडून ठेवलं होतं.

"याने बोलावलं! बाबलने! ही बघा किल्ली!"

"तुज्या घराची किल्ली तुज्याकडे," बाबल म्हणाला. "तेच्यात काय?"

दोघांनी टिपणीसांना धरून अलीकडे घेतलं. जानूने त्यांच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. कुणीतरी घोंगडी अंथरली, कुणीतरी पेजेचं भांडं आणलं. सुवर्णाने बाळंतपणाची पेटी आणली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन ओठ शिवायला बसली. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

मी व्हाळात पाय टाकला.

बाबलची नवी काठी माझ्या गुडघ्यावर बसली. मी पाण्यात पडलो.

"थयच ऱ्हव," तो म्हणाला.

"काय?"

"पळणीत आत गेलेल्याक भायर घेवचा नाय. बाद. तूच लिवलंस."

"हे आत नव्हते काय?" मी टिपणीसांकडे बोट दाखवलं. "ते माझ्याआधीपासून आत होते!"

उत्तर जानू घाड्याने दिलं. त्याच्या आवाजात राग नव्हता. कोर्टात असतो तसला आवाज.

"ते पाव्हणे. पाव्हण्याक आमची चाल म्हायत नाय. चुकलो, भायर इलो, देव क्षमा करता. तुका म्हायत होती. म्हायत आसून गेलंस."

"तुम्हीच पाठवलंत मला!"

"आम्ही तुका घाटी म्हणान पाठवला," जानू म्हणाला. "घाटी म्हणान गेलंस. गावचो आसतंस, तर गेलो नसतंस."



मी उठलो आणि बाबलच्या नरड्याला हात घातला. आम्ही दोघं शिवेवर, बरोबर मध्यात, पाण्यात लोळत होतो. मी त्याचं डोकं धोंड्यावर दोनदा आपटलं, त्याने माझा आधीच गेलेला कान धरून पिळला. मग काठीवाले आले. ते आपल्या काठावरून, पाय पाण्यात न टाकता, वाकून मारत होते. मी पलीकडे सरपटलो, तेव्हा धोंडे सुरू झाले. हे मात्र पोचत होते. पाठीत, बरगडीत. धोंडे मारणाऱ्यांत ज्यांची लग्नपत्रिका मी लिहिली होती, असे निदान चौघे होते.

सुवर्णाने शेवटचा टाका घातला, दोरा दातांनी तोडला. हात पाण्यात धुतले. तावड्यांच्या सासूला जवळ बोलावून हळू आवाजात काहीतरी सांगितलं, बाळ आडवं नाही वगैरे असणार. मग पेटी बंद केली, साडी घोट्याच्या वर धरली आणि व्हाळात उतरली.

"सिस्टरबाय!" जानू ओरडला. "बाय, तू जाव नको! तुजा काय चुकला?"

ती थांबली नाही. धोंडे थांबले. माझ्यापर्यंत येऊन ती गुडघ्यावर बसली.

"कान दाखवा," ती म्हणाली.

पळण संपायला आणखी दीड दिवस होता. तेवढ्या वेळात अख्ख्या निवतळमध्ये एकच चूल पेटत होती. सुवर्णाने भात केला, मी एका हाताने खाल्ला. दुसऱ्या हातातून तिने चिमट्याने दाताचा कण काढला. शिवेच्या आत आम्ही दोघंच, आणि आमच्या खोपट्यात, आमच्या चटईवर, टिपणीस. ठरावाच्या पहिल्या अटीप्रमाणे सगळं गाव आमचं होतं. दुसऱ्या अटीप्रमाणे त्यांचं.

आत आमची चूल पेटती असूनही चौथ्या दिवशी कौल झाला. टिपणीसांचं फूल उजवीकडे पडलं, म्हणजे देवाचा 'हो'; माझं डावीकडे. जानू घाडी फुलं ओली करून पाषाणाला चिकटवतो. कुठलं किती ओलं करायचं, ते त्याच्या बोटांना माहीत असतं. टिपणीसांनी पोलिसांत तक्रार केली नाही. देवळाला लाद्या बसवून दिल्या. पळणीत गावाबरोबर शिवेबाहेर राहिलेला माणूस म्हणून महिन्याभरात त्यांना वीस सह्या मिळाल्या. तावड्यांच्या सुनेला मुलगा झाला होता, त्याच्या बारशाआधी आम्ही घाट चढलो.

याला सोळा वर्षं झाली. मागच्या मार्गशीर्षात एका कामासाठी त्या बाजूला गेलो होतो. व्हाळावर आता सिमेंटची मोरी आहे. मोरीच्या या टोकाला गाडी थांबवून मी उतरलो, एवढंच. समोर आमचं घर. रातांबा नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीतून धुराड्याची नळी बाहेर काढलेली आणि आत काहीतरी धडधडत होतं. एका कानाने ऐकू आलं.

"चौगले? चौगलेच ना?"

टिपणीस. केस पांढरे, पायात साधी चप्पल, कमरेला पंचा. वरच्या ओठावर सुवर्णाचे पाच टाके, अजून सरळ रेषेत.

आम्ही बोललो. दुसरं काय करणार? बाबल सगळं विकून कल्याणला गेला, एका खोलीत राहतो, म्हणाले. जानू वारला. घाड्यांचा मुलगा पुण्यात. हल्ली गाऱ्हाणं टिपणीसच घालतात.

"यंदाच्या पळणीला अकरा माणसं होतो," ते म्हणाले. "मला धरून. पूर्वी तीनशे असायची, नाही का? वाईट वाटतं हो. बाहेरचे लोक येतात, घरं घेतात, कुलूप लावून जातात. गावाचं गावपण राहत नाही. तुमचा ठराव आम्ही फ्रेम करून पंचायतीत लावलाय. काय अक्षर होतं तुमचं! मी एकालाही सोडत नाही. परवाच एका नागपूरवाल्याला हाकललं."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पुढचा एक दात इतरांपेक्षा पांढरा होता. माझी उजवी मूठ खिशात होती आणि पेरातला तो वण थंडीत दुखतो, तसा दुखत होता.

"तिथे काय उभे राहिलात?" टिपणीस म्हणाले. "या की आत, चहा घेऊ. आज काही पळण नाही. आज बाहेरच्यांना चालतं."